ऑरेंज : नारंगाच्या नावाची कुळकथा

इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा एकच शब्द फळाला, त्या फळाच्या झाडाला आणि त्या फळाच्या रंगाला लावला जातो. तो मूळचा इंग्रजी नाही. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, युरोपात अरबीकडून, अरबीत फारसीकडून आणि फारसीत संस्कृत ‘नारंग’वरून, हे कोणताही चांगला कोश सांगतो. बहुतेक कोश तिथेच थांबतात किंवा ‘मूळ बहुधा द्राविडी’ अशी एक ओळ जोडतात. सगळे नवल त्या एका ओळीत आहे. ती ओळ उलगडली की ‘ऑरेंज’ आणि ‘मँगो’ हे दोन शब्द एकमेकांचे भाऊबंद निघतात. दोघांच्याही शेवटी तमिळ-मलयाळममधला एकच शब्द उभा आहे, ‘काय्’. त्याचा अर्थ कच्चे फळ.

‘मँगो’ची बाजू आधी पाहावी, कारण तिथे वाद नाही. तमिळमध्ये आंब्याच्या झाडाला ‘मा’ म्हणतात. त्याचे कच्चे फळ ते ‘मांगाय्’ आणि पिकलेले ते ‘मांबळम्’. मराठीने कैरी आणि आंबा असे दोन निराळे शब्द केले, तमिळने मात्र ‘काय्’ आणि ‘पळम्’ ही जोडी जवळजवळ सगळ्या फळांना लावली. ‘काय्’ म्हणजे जे फोडी करून, मीठ लावून, शिजवून किंवा मुरवून खायचे. ‘पळम्’ म्हणजे जे पिकल्यावर तसेच खायचे. मलयाळममध्ये या ‘-ङ्काय्’चा शेवट घासत घासत ‘-ङ्ङ’ एवढाच उरला. म्हणून केरळात आंबा ‘माङ्ङ’ आणि नारळ ‘तेङ्ङ’. पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावर ‘माङ्ङ’ ऐकले, त्याचे ‘मांगा’ केले आणि इंग्रजीत त्याचे ‘मँगो’ झाले. इथपर्यंत विद्वानांत फारसे दुमत नाही.

आता त्याच ओळीत तिसरा शब्द ठेवावा. मलयाळममध्ये लिंबूवर्गातल्या फळाला ‘नारङ्ङ’ म्हणतात. रोजचे छोटे लिंबू ते ‘चेरुनारङ्ङ’, म्हणजे लहान नारङ्ङ. गोड संत्रे ते ‘मधुरनारङ्ङ’. माङ्ङ, तेङ्ङ, नारङ्ङ ही तीन नावे लागोपाठ म्हटली की शेवट कानाला आपोआप जुळतो. तमिळ घरांत आजही ‘नार्त्तंगाय्’ नावाचे मोठे, जाड सालीचे, आंबट-कडू फळ आणतात, त्याला चिरा देऊन आत मीठ भरतात, उन्हात काळपट होईपर्यंत वाळवतात आणि दहीभाताबरोबर तोंडी लावतात. हे फळ पिकवून खायचे नसते, मिठात मुरवायचे असते. ते ‘पळम्’ नसून ‘काय्’ आहे. पश्चिमेकडे पहिल्यांदा गेलेले नारंगही गोड नव्हते, आंबट-कडूच होते. फळाचा स्वभाव आणि नावाची शेपटी यांचा असा मेळ बसणे हा या व्युत्पत्तीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मानायला हवा.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की मलयाळममध्ये संस्कृत शब्दांचा भरणा मोठा आहे, तेव्हा ‘नारङ्ङ’ हाच संस्कृत ‘नारंग’चा अपभ्रंश असेल आणि ‘माङ्ङ’च्या नादाने त्याचा शेवट तसा झाला असेल. याला उत्तर तमिळ देते. तमिळमध्ये ‘नारंगम्’ आहे तसे ‘नारत्तै’ही आहे, आणि ‘नारत्तै’ संस्कृत ‘नारंग’मधून कोणत्याही ध्वनिनियमाने निघत नाही. ‘नार’ हे डोके आणि त्याला निरनिराळ्या शेपट्या, कुठे ‘त्तै’, कुठे ‘ङ्काय्’, असे चित्र दिसते. उसना घेतलेला शब्द असा सांध्यावर सुटत नाही. घरचा शब्दच सुटतो.

दुसरा आक्षेप वनस्पतिशास्त्राचा. लिंबूवर्गाचे माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात आहे, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पुढे मांडले. मग ईशान्येच्या फळाला दक्षिणेचे नाव कसे? पण फळ जिथे उगवते तिथलेच नाव त्याला जगभर चिकटते असे नाही. ज्यांच्या बाजारातून ते पुढे जाते त्यांचे नाव चिकटते. दक्षिणेच्या बंदरांचा पश्चिमेशी व्यापार फार जुना, आणि संस्कृत ग्रंथकारांना दक्षिणेकडची बरीच झाडे तिथल्या नावांसकट कळली. शिवाय पश्चिमेकडे गेलेले नाव सरसकट वर्गाचे नाही, एका आंबट जातीचे आहे.

तिसरा आक्षेप शब्दाच्या डोक्याचा आहे आणि तो खरोखर अडचणीचा आहे. पुष्कळ पुस्तके ‘नार’चा संबंध तमिळ ‘नऱु’शी, म्हणजे सुवासाशी, लावतात आणि ‘सुवासिक फळ’ असा अर्थ काढतात. कानाला गोड वाटणारी ही फोड आहे, पण तमिळमध्ये दोन ‘र’ आहेत, एक साधा आणि एक कठोर. ‘सुवास’मधला र कठोर आहे आणि ‘नारत्तै’, ‘नारङ्ङ’ यांतला साधा. तमिळभाषक हे दोन ‘र’ सहसा मिसळत नाहीत. त्यापेक्षा साध्या ‘र’चा ‘नार्’ हा शब्द जास्त जवळचा आहे. त्याचा अर्थ झाडाचा तंतू, सोपटाचा धागा. लिंबूवर्गातले कोणतेही फळ सोलले की फोडींना चिकटलेल्या पांढऱ्या शिरांचे जाळे सुटून हातात येते. ‘शिरांचे कच्चे फळ’ हा अर्थ सुवासाइतका काव्यमय नसेल, पण त्यात ध्वनीची मोडतोड करावी लागत नाही. शेपटी ‘काय्’ची, हे जवळजवळ निश्चित मानावे, डोके धाग्याचे, हा तर्क म्हणून ठेवावा.

संस्कृतात शिरल्यावर शब्दाचे जे झाले त्यावरून तो तिथे पाहुणा होता हे आणखी स्पष्ट दिसते. घरच्या शब्दाला रूप बदलायची गरज पडत नाही. या शब्दाची मात्र संस्कृतात निदान तीन रूपे सापडतात: नारंग, नागरंग आणि नार्यंग. अर्थ न लागणारा परका शब्द ओळखीच्या तुकड्यांत बसवण्याची ही धडपड आहे. ‘नार्यंग’मध्ये कोणी नारीचे अंग पाहिले. ‘नागरंग’मध्ये तर दोन वाटा फुटल्या. ‘नाग’ म्हणजे हत्ती, आणि अमरकोशात नागरंगाच्या बरोबरीने त्याच झाडाचे दुसरे नाव ‘ऐरावत’ असे दिले आहे. म्हणजे नावात हत्ती आहे असे मानून कोशकारांच्या पिढ्यांनी त्याला इंद्राचा हत्तीही जोडून दिला.

हत्तीची ही वाट पुढे भलतीकडे गेली. इंग्रजी पुस्तकांतून एक कथा फिरते: एका हत्तीने रानात नारंगे इतकी खाल्ली की तो पोट फुटून मेला, त्याच्या पोटातल्या बियांतून झाडे उगवली आणि म्हणून फळाला ‘हत्तीचे अजीर्ण’ अशा अर्थाचे नाव पडले. कथा मलय प्रदेशातली म्हणून सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ती टाकून द्यावी, पण ती कशातून जन्मली असेल हे पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या फळवर्गात नागरंगाचे फळ हृद्य, वातशामक, पण पचायला जड असे सांगितले आहे. ‘नाग’ म्हणजे हत्ती हा कोशातला अर्थ आणि ‘दुर्जर’ हा वैद्यकातला गुण एकत्र आले, की अजीर्णाने मेलेला हत्ती तयार व्हायला उशीर लागत नाही. हा दुवा कागदोपत्री सिद्ध करता येत नाही, तरी कथेचा याहून सोपा उगम सुचत नाही.

दुसरी वाट जास्त मोलाची. संस्कृतात ‘नाग’चा आणखी एक अर्थ शिसे, आणि शेंदराला ‘नागसंभव’ म्हणतात, कारण शेंदूर शिसे भाजून करतात. मग ‘नागरंग’ म्हणजे शेंदराचा रंग असलेले फळ. देवळातल्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आणि पिकलेले नारंग शेजारी ठेवले तर हे नाव किती चपखल बसते ते डोळ्यांनाच कळते. मूळ शब्दात रंगाचा संबंध नव्हता. तो इथे, संस्कृतात, पहिल्यांदा आत घातला गेला. ‘नारंग’मधला शेवटचा ‘रंग’ ऐकू आल्यावर तो नुसता ध्वनी आहे असे कोणालाच वाटेना. हिंदीत तर ‘नारंगी’ फोडून ‘रंग असूनही ना-रंगी’ अशी कोटी करण्याची जुनी चाल आहे. फळाचे नाव रंगाकडे ओढले जाण्याची ही पहिली खेप. पुढे आणखी खेपा आहेत.

पश्चिमेचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘ग’ नसल्याने ‘नारंज’. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी लिहितो की नारंजाचे झाड हिजरी ३०० नंतर, म्हणजे इसवी सन ९१२च्या पुढे, हिंदुस्थानातून आणले. आधी ओमानात लावले, मग बसरा, इराक आणि शाम (सीरिया) या प्रांतांत नेले. तिकडे गेल्यावर फळाचा हिंदुस्थानातला सुवास आणि सुंदर रंग राहिला नाही, अशी खंतही तो नोंदवतो. अरबांबरोबर झाड सिसिलीत आणि स्पेनमध्ये पोचले. स्पॅनिशने ‘नारांखा’ असे म्हणत मूळचा ‘न’ जपला. हंगेरियनने ‘नारांच’ केले, व्हेनिसच्या बोलीने ‘नारांझा’, ग्रीकांनी ‘नेरांझी’. पोर्तुगीजांनी ‘न’च्या जागी ‘ल’ आणून ‘लारांझा’ म्हटले.

‘न’ गळाला तो इटली-फ्रान्सच्या बाजूला, आणि याच ठिकाणी इंग्रजी वाचकांच्या मनात एक चुकीची गोष्ट घट्ट बसली आहे. ती अशी की इंग्रजीत पूर्वी ‘अ नॉरेंज’ म्हणत, आणि बोलताना ‘न’ उपपदाला चिकटून ‘अ‍ॅन ऑरेंज’ झाले. अशी अदलाबदल इंग्रजीत खरोखर होते. ‘एप्रन’ हा आधी ‘नेप्रन’ होता, ‘अ‍ॅडर’ हा साप ‘नॅडर’ होता आणि क्रिकेटमधला ‘अंपायर’ मुळात ‘नम्पियर’ होता. उलट्या दिशेने ‘निकनेम’ला फुकटचा ‘न’ मिळाला. इतकी उदाहरणे असल्यामुळे ‘ऑरेंज’ही त्यांच्यातलाच असे धरले गेले. पण इंग्लंडात हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तोच ‘न’शिवाय. १२९० साली इंग्लंडची राणी एलेनॉर हिच्यासाठी पोर्ट्‌स्मथ बंदरात आलेल्या एका स्पॅनिश जहाजावरून सात नारंगे विकत घेतल्याचा हिशेब आहे, आणि त्यात फळाचे नाव ‘पोमा दे ओरेंज’ असे लिहिले आहे. जहाज स्पेनचे, राणी माहेरची कॅस्टीलची, म्हणजे दोन्हीकडे ‘न’ शाबूत असलेली भाषा, तरीही कारकुनाने ‘न’ लिहिला नाही, कारण त्याच्या फ्रेंचात तो आधीच गेलेला होता.

फ्रेंचातही तो मूळचा गेलेला नसावा. जुन्या फ्रेंचातले ‘पोम ओरेंज’ हे इटालियन ‘मेलारांचा’चे शब्दशः रूपांतर दिसते, ‘मेला’ म्हणजे सफरचंद किंवा कोणतेही गोल फळ. इटालियनमध्ये ‘उना नारांचा’ म्हणताना दोन ‘न’ एकमेकांवर आदळतात आणि त्यांतला एक गळतो. म्हणजे उपपदाने ‘न’ गिळला हे खरे, पण गिळणारे उपपद इंग्रजी नव्हते.

‘न’ गेल्यावर ‘अ’चा ‘ओ’ का झाला, हा पुढचा प्रश्न. इटालियन ‘आरांचा’वरून सरळ फ्रेंच ‘आरांज’ व्हायला हवे होते. ‘ओ’चे दोन दावेदार आहेत. एक म्हणजे फ्रेंच ‘ऑर’, लॅटिन ‘आउरुम’, अर्थात सोने. दुसरा म्हणजे दक्षिण फ्रान्समधले ऑरांज हे गाव, ज्यावरून ही फळे उत्तरेकडे जात असावीत असे मानतात. या गावाचा फळाशी जन्माचा काहीही संबंध नाही. त्याचे रोमन नाव ‘अराउसिओ’, ते त्याहून जुन्या केल्टिक जलदेवतेचे. इसवी सनापूर्वी १०५ साली याच गावाजवळ रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला होता. नारंग युरोपात पोचण्याआधी हजाराहून जास्त वर्षे हे नाव नांदत होते, आणि उच्चार झिजत झिजत ते योगायोगाने फळाच्या नावापाशी येऊन थांबले. गावाचा हातभार नाकारता येत नाही, पण मुख्य श्रेय सोन्याला द्यावे लागते. कारण ज्यांचा त्या गावाशी काही संबंध नव्हता अशा लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनीही फळाला ‘आउरांटियम’ असे सोनेरी नाव दिले, आणि १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने ‘सिट्रस ऑरँटियम’ म्हणून ते शास्त्रात कायम केले. भारतात शेंदूर, युरोपात सोने. फळाचे नाव रंगाकडे ओढले जाण्याची ही दुसरी खेप. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली.

गावाची पुढची कथा स्वतंत्र आहे आणि ती इतिहासात सर्वपरिचित आहे. १५४४ मध्ये नासाऊच्या विल्यमला चुलतभावाकडून ऑरांजचे संस्थान वारशाने मिळाले. त्याच घराण्याने डच स्वातंत्र्ययुद्धाचे नेतृत्व केले आणि नावाच्या साम्यावरून नारिंगी रंग आपला केला. डच संघाची नारिंगी जर्सी, आयर्लंडच्या ध्वजातला तिसरा पट्टा, दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदी ही सगळी त्या घराण्याची देणी. केल्टिक जलदेवतेच्या गावाला तमिळ कच्च्या फळाचा रंग चढला, इतकेच इथे नोंदवायचे. डच भाषेत मात्र फळाला ‘ओरान्ये’ म्हणतच नाहीत. रंग ‘ओरान्ये’, फळ ‘सिनासअपेल’, म्हणजे चिनी सफरचंद.

इंग्रजीत हा शब्द आधी दोनशे वर्षे फळाचाच होता, रंगाचा नव्हता. जुन्या इंग्रजीत या रंगाला ‘पिवळा-तांबडा’ असा जोडशब्द होता आणि तोही क्वचित वापरत. कवी चॉसरला आपल्या गोष्टीतल्या कोल्ह्याचा रंग सांगताना तो पिवळ्या आणि तांबड्याच्या मधला, असे लिहावे लागले. रॉबिन पक्ष्याची छाती उघड नारिंगी असते, पण इंग्रज तिला आजही ‘लाल छाती’च म्हणतात, कारण पक्ष्याला नाव पडले तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. तसेच भुऱ्या-नारिंगी केसांचे; तेही ‘लाल केस’च राहिले. रंग म्हणून ‘ऑरेंज’ची पहिली ज्ञात नोंद १५०२ची आहे, आणि ती राजकन्या मार्गारेट ट्यूडरसाठी घेतलेल्या कपड्यांच्या हिशेबात आहे. कापड विकणाऱ्यांना आणि शिंप्यांना छटांची नेमकी नावे लागतात. नव्या रंगनामांचा जन्म बाजारात होतो, याचे हे चांगले उदाहरण.

मराठीची स्थिती नेमकी उलटी. या एवढ्याशा पट्ट्यात तिच्याकडे केशरी, भगवा, शेंदरी आणि नारिंगी असे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. झेंडा भगवा, जिलबी केशरी, मारुती शेंदरी. इंग्रजीला या सगळ्यांसाठी एका फळावर भागवावे लागते.

रंगनामाला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली न्यूटनने. लोलकातून पडलेल्या पट्ट्यात त्याने आधी पाचच मुख्य रंग धरले होते. संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून त्याने नंतर दोन वाढवले, ‘ऑरेंज’ आणि ‘इंडिगो’, आणि १७०४च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथातून ते सात रंग जगभर गेले. ‘इंडिगो’ म्हणजे नीळ, शब्दार्थाने ‘हिंदुस्थानातली वस्तू’. म्हणजे मागाहून घातलेल्या दोन्ही रंगांची नावे हिंदुस्थानाकडे बोट दाखवतात.

तोवर फळही बदलले होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर गोड जात युरोपात पसरली, आणि पुष्कळ भाषांनी आंबट आणि गोड यांना वेगळी नावे दिली. ग्रीकमध्ये आंबट ते ‘नेरांझी’, गोड ते ‘पोर्तोकाली’. अरबीत ‘नारंज’ आणि ‘बुर्तुकाल’. फारसीत ‘नारेंज’ आणि ‘पोर्तेगाल’. एका देशाचे नाव असे फळ होऊन बसले. जर्मन ‘आप्फेल्सीने’ आणि रशियन ‘अपेल्सिन’ यांनी चीनचे नाव घेतले. इंग्रजीने नवे नाव न घेता जुन्याच शब्दाला विशेषणे लावली: आंबट ते ‘सेव्हिल ऑरेंज’, गोड ते ‘चायना ऑरेंज’. पुढे गोड फळ इतके रुळले की ‘चायना’ गळून पडले आणि ‘ऑरेंज’ म्हणजे गोडच हे गृहीत धरले गेले. आंबट जात आता मुख्यतः मुरंब्यापुरती उरली आहे, आणि त्या मुरंब्याचे ‘मार्मलेड’ हे नावही पोर्तुगीज ‘मार्मेलो’, म्हणजे बिहीच्या फळावरून आलेले आहे. मूळ नावातला ‘न’ इंग्रजीत एका कडू जागी टिकला: लिंबूवर्गाच्या कडवटपणाला कारण असणाऱ्या एका द्रव्याला रसायनशास्त्रात ‘नॅरिंजिन’ म्हणतात, आणि ते नाव सरळ ‘नारिंगी’वरून घेतले आहे.

आजच्या इंग्रजीत शब्दाचा वापर साधा आहे. फळ म्हणून तो मोजता येणारे नाम, रंग म्हणून विशेषण आणि नाम दोन्ही. तुलना होऊ न शकणाऱ्या दोन गोष्टींना ‘सफरचंदे आणि ऑरेंजे’ म्हणतात. ‘ऑरेंज पेको’ चहात नारंगाचा अंश नसतो. त्या नावाचा संबंध बहुधा डच राजघराण्याशी आहे. व्हिएतनाम युद्धात जंगलांवर फवारलेले ‘एजंट ऑरेंज’ हे विष नारिंगी नव्हते, त्याच्या पिंपांवरचा पट्टा नारिंगी होता. आणि इंग्रजी कवींची जुनी तक्रार अशी की या शब्दाला नेहमीच्या वापरातला एकही पुरा यमक-जोडीदार नाही. परकेपणाची ही खूण शब्दाने सातशे वर्षांनीही पुसलेली नाही.

भारतात मात्र ‘ऑरेंज’ने घोळ केला आहे, आणि महाराष्ट्र त्याच्या ऐन मध्यावर आहे. इथे ‘ऑरेंज’ म्हणजे संत्रे. नागपूर ‘ऑरेंज सिटी’ झाली ती संत्र्यांमुळे. पण वनस्पतिशास्त्राच्या लेखी नागपुरी संत्रे हे ‘मँडरिन’, सिट्रस रेटिक्युलाटा. नखाने साल उचलली की ती सैल, पोकळ अशी सुटते आणि फोडी आपणहून वेगळ्या होतात. युरोपात ज्याला ‘ऑरेंज’ म्हणतात ते सिट्रस सायनेन्सिस. त्याची साल फळाला घट्ट चिकटलेली असते आणि सुरी लागते. महाराष्ट्रात हे फळ आहे, आणि रसाच्या गाडीवर ते रोज पिळले जाते: मोसंबी. भारतीय इंग्रजी मोसंबीला ‘स्वीट लाइम’ म्हणते, म्हणजे खऱ्या ऑरेंजला लिंबू ठरवते आणि मँडरिनला ऑरेंज. ‘मोसंबी’ हे नाव मोझांबिकवरून आले, याबद्दल वाद नाही. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीची वाट त्या नावात स्पष्ट दिसते.

‘संत्र्या’चे काय? युल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने १८८६ मध्ये पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाकडे बोट दाखवले, आणि मोसंबीची हकीकत ठाऊक असल्याने ही व्युत्पत्ती सहज पटते. तरी ती मानू नये. बाबराने १५२०च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानातली फळे वर्णन करताना नारंज आणि ‘संगतरा’ यांची वेगवेगळी दखल घेतली आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०ला. तिथून इतक्या थोड्या वर्षांत एका पोर्तुगीज गावाचे नाव आग्र्यापर्यंत जाऊन तिथले देशी नाव म्हणून रुळावे, हे कठीण. त्याहून मोठा पुरावा ईशान्येचा. ‘आईन-इ-अकबरी’ सिल्हेटच्या डोंगरांत ‘सुंतरा’ नावाचे मधुर फळ पिकते असे सांगते, आणि नेपाळीत या फळाला आजही ‘सुन्तला’ म्हणतात. जिथे मँडरिनची जुनी वस्ती, तिथेच हे नाव सर्वांत खोल रुजलेले. नाव फळाबरोबर डोंगरातून खाली आले, समुद्रावरून वर गेले नाही, असेच म्हणावे लागते.

बाबराच्या ‘संगतरा’त फारसी वाचकाला ‘संग’, म्हणजे दगड, ऐकू येत असे. इतक्या रसाळ फळाच्या नावात दगड नको, म्हणून एका मुघल बादशाहाने त्याचे ‘रंगतरा’ केले, अशी हकीकत जुन्या कोशांत येते, आणि ‘रंगतरा’ हा शब्द उर्दू कोशांत आहेही. नावाला रंग चढवण्याची ही तिसरी खेप, मात्र या वेळी ती टिकली नाही. बाजारात ‘संतरा’च राहिला आणि मराठीत त्याचे ‘संत्रे’ झाले.

सरकारी कागदावर मात्र नावे आता अर्धीच जागेवर आली आहेत. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘नागपूर ऑरेंज’ या रूढ नावाने. जालन्याच्या मोसंबीला मिळाले ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ या नावाने, ‘स्वीट लाइम’ म्हणून नव्हे.